लपंडाव खेळणारा दोष

१९४८ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मॉरिस मायनर मोटारीस विजेचा पेट्रोल-पंप असे. चावी फिरवितांच तो टिकटिक करी. अशी जुनी गाडी मधूनच बंद पडून आपोआप सुरू होऊं लागली, कीं लोक उतावळेपणानें पंपच बदलतात. पैसा जातो, दोष राहतो. आम्ही म्हणतों, दोष प्रकट असतांनाच परीक्षा करावी. प्रथम पेट्रोल गळत नाहीं हें पाहावें. तेथें ठिणगी घातक होय. कार्ब्युरेटर रिकामा असूनही पंप मुका असेल, तर त्याला वीज आणणारी तार व गाडीचा सांगाडा यांमध्यें १२ व्होल्टांचा दिवा जोडावा. दिवा न लागल्यास दोष तारेंत किंवा चावीच्या जोडांत. प्रखर लागल्यास पंपाच्या जळक्या स्पर्शबिंदूंत किंवा सांगाड्यास जोडलेल्या त्याच्या सैल तारेंत असण्याचा संभव. पुराव्यावांचून कोणासही दोषी ठरवूं नये, हा न्याय यंत्रांसही लागू आहे.