रेंजफाइंडर कॅमेऱ्यातील लेन्सची बसवणूक आणि फोकसचे दोष : कारणमीमांसा व निदानपद्धती

सारांश

रेंजफाइंडर पद्धतीच्या फिल्म कॅमेऱ्यात डोळ्याला दिसणारी प्रतिमा आणि फिल्मवर उमटणारी प्रतिमा यांचे मार्ग भिन्न असतात. या दोन मार्गांना जोडणाऱ्या यांत्रिक दुव्यात फरक पडला, की दृश्यदर्शकात सर्व काही जुळलेले दिसूनही छायाचित्र अस्पष्ट येते. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे, लेन्स बसवताना उद्भवणाऱ्या अडचणी आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येण्याजोगी निदानपद्धती यांचे विवेचन केले आहे. दोन मार्गांपैकी कोणता मार्ग चुकला हे निश्चित झाल्याशिवाय कॅमेऱ्याचा कोणताही स्क्रू फिरवू नये, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रेंजफाइंडर, लेन्स-बसवणूक, फिल्म-प्रतल, अनंत अंतर, फोकस-दोष, निदानक्रम.

प्रस्तावना

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीने ऑस्कर बारनाक यांच्या रचनेवर आधारित लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आणला आणि ३५ मि.मी. फिल्मवरील छायाचित्रणाला चालना मिळाली. १९३२ मध्ये लायका-२ व झाइस इकॉन कंपनीचा काँटॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर आला. आकाराने लहान, आवाजाने सौम्य आणि मंद प्रकाशातही अचूक फोकस साधणारा हा कॅमेरा वृत्तछायाचित्रकारांच्या हाती पुढे अनेक दशके राहिला. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी महात्मा गांधींना भेटलेले फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या कामाची ओळखही लायका कॅमेऱ्याशीच जोडलेली आहे.

डिजिटल तंत्रज्ञानानंतर फिल्मचा वापर मर्यादित झाला. तथापि तो संपलेला नाही. लायका कंपनीने आपला एम-६ हा फिल्म कॅमेरा २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र वा जनसंज्ञापन विभागांच्या कपाटांत आणि जुन्या घरांत असे कॅमेरे आजही आढळतात. दिग्रस, दारव्हा, पुसद यांसारख्या तालुक्याच्या गावी ते दुरुस्त करणारा जाणकार कारागीर मिळणे अवघड असते. परिणामी 'फोकस बिघडला' एवढ्या शेऱ्यावर एखादे सुस्थितीतील उपकरण निर्लेखनाच्या यादीत जाण्याची, अथवा अर्धवट माहितीच्या आधारे उघडले जाऊन कायमचे बिघडण्याची शक्यता असते. म्हणून निदानाची पद्धत समजून घेणे अगत्याचे ठरते.

रचना : दोन मार्ग आणि एक दुवा

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या दर्शनी भागावर दोन खिडक्या असतात. एकीतून छायाचित्रकार थेट दृश्य पाहतो; दुसरीतून आलेली प्रतिमा फिरत्या आरशावरून वा लोलकावरून अर्धपारदर्शक आरशापर्यंत पोहोचते व दृश्याच्या मध्यभागी दुसरी प्रतिमा म्हणून दिसते. लेन्सचे कडे फिरवले, की लेन्स मळसूत्रावर पुढे-मागे सरकते. लेन्सच्या मागील कडेचा कॅम कॅमेऱ्यातील रोलरला ढकलतो, रोलरची भुजा फिरता भाग वळवते आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात. दोन खिडक्यांमधील अंतर हा त्रिकोणाचा पाया मानल्यास वस्तूचे अंतर कोनावरून ठरते. शाळेत शिकवले जाणारे त्रिकोणमितीचे तत्त्वच येथे कार्य करते. १९५४ च्या लायका एम-३ या कॅमेऱ्यात हा पाया सुमारे ६८.५ मि.मी. असून दृश्यदर्शकाचे विवर्धन ०.९१ असल्याने परिणामी पाया सुमारे ६२ मि.मी. भरतो. पाया जितका मोठा, तितके मापन अचूक.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकभिंगी प्रतिक्षेपी म्हणजे एसएलआर कॅमेऱ्यात छायाचित्रकार प्रत्यक्ष लेन्समधूनच पाहतो. त्यामुळे लेन्स चुकीची बसली असल्यास ते बहुधा डोळ्यालाच कळते. रेंजफाइंडरमध्ये डोळा लेन्समधून पाहतच नाही. तो केवळ दुव्यावर विश्वास ठेवतो. अशीच विभागणी द्विभिंगी कॅमेऱ्यातही असते. यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात कनु गांधी यांनी वापरलेल्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात वरचे भिंग डोळ्यासाठी आणि खालचे फिल्मसाठी होते. फ्लॅश वापरायचा नाही, ही गांधीजींची त्यांना घातलेली अट प्रसिद्ध आहे. कृत्रिम प्रकाश वर्ज्य असला, की लेन्सचे छिद्र मोठे ठेवावे लागते. आणि छिद्र मोठे झाले, की फोकसमधील लहानशी चूकही लपत नाही.

ही चूक किती लहान असू शकते, हे आकड्यांवरून स्पष्ट होते. अस्पष्टतेच्या वर्तुळाचा व्यास ०.०३ मि.मी. इतका मान्य केल्यास एफ/२ या छिद्राला फिल्म-प्रतलापाशी मागे-पुढे केवळ ०.०६ मि.मी. एवढीच सूट मिळते. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ०.०५ ते ०.१ मि.मी. असते. म्हणजेच लेन्स आणि कॅमेरा यांच्या बैठकीत अडकलेला एखादा केसही छायाचित्र बिघडवण्यास पुरेसा ठरतो.

लेन्स-बसवणुकीतील दोष

लेन्स कॅमेऱ्यावर चढली म्हणजे ती जुळलीच, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. लायकाच्या स्क्रू-पद्धतीत आट्यांचा व्यास ३९ मि.मी. आणि बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मि.मी. असते. झेनिट या सोव्हिएत एसएलआर कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या लेन्सचे आटेही ३९ मि.मी. व्यासाचेच आहेत, परंतु त्यांच्यासाठी हे अंतर ४५.२ मि.मी. आहे. अशी लेन्स रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर सहज चढते, पण फोकस कधीच होत नाही आणि रोलरला ढकलणारा कॅमही तिला नसतो. डार्करूममधील एन्लार्जरच्या अनेक लेन्सनाही हेच आटे असतात. त्यांना तर फोकसचे मळसूत्रच नसते. म्हणून आट्यांचा व्यास हा अनुरूपतेचा पुरावा मानू नये.

स्क्रू-लेन्स बसवताना आटे तिरपे अडकणे हा दुसरा दोष आहे. लेन्स प्रथम उलट दिशेने हळुवार फिरवावी. आटे एकमेकांत बसल्याचा सूक्ष्म धक्का जाणवला, की मग सुलट फिरवावी. कोठेही जोर लावू नये.

१९५४ नंतरच्या लायका-एम पद्धतीत आट्यांऐवजी बेयोनेट असून बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मि.मी. आहे. दोन्ही अंतरांतील फरक नेमका १ मि.मी. असल्यामुळे जुन्या स्क्रू-लेन्स १ मि.मी. जाडीच्या ॲडॉप्टरने नव्या कॅमेऱ्यावर वापरता येतात. परंतु ॲडॉप्टर ०.१ मि.मी. अधिक जाड असल्यास ५० मि.मी. ची लेन्स अनंतावर ठेवूनही प्रत्यक्षात सुमारे २५ मीटरवर फोकस होते. स्वस्त ॲडॉप्टरची जाडी मायक्रोमीटर स्क्रूगेजने तीन-चार ठिकाणी मोजणे हा यावरील साधा उपाय होय. बेयोनेट लेन्स बसवताना खुणेचे ठिपके जुळवून 'खट्' असा आवाज येईपर्यंत ती फिरवणे आवश्यक असते. अर्धवट फिरलेली लेन्स स्थिर भासली, तरी कुलूपबंद झालेली नसते.

काँटॅक्स आणि त्याच धर्तीच्या कीव्ह कॅमेऱ्यांत फोकसचे मळसूत्र कॅमेऱ्यातच असते. तेथे कॅमेरा व लेन्स दोन्ही अनंतावर ठेवूनच बसवणूक करावी लागते. अन्यथा अंतराची खूण आणि प्रत्यक्ष फोकस यांचा मेळ राहत नाही. तसेच ज्युपिटर-१२ सारख्या ज्या लेन्सचा मागील भाग खोल आत जातो, त्या प्रकाशमापक बसवलेल्या काही कॅमेऱ्यांत आतील भागास टेकू शकतात. लायका एम-५ व सीएल यांत मापकाची भुजा लेन्सच्या मागे येत असल्याने आत दुमडणाऱ्या लेन्स तेथे दुमडू नयेत.

फोकसचे दोष

लायका पद्धतीत प्रमाण लेन्सचे नाभीय अंतर ५१.६ मि.मी. गृहीत धरलेले आहे. इतर नाभीय अंतरांच्या लेन्स स्वतः कमी-अधिक सरकल्या, तरी त्यांचा कॅम रोलरला या प्रमाणानुसारच ढकलतो. सोव्हिएत लेन्स मात्र काँटॅक्सच्या ५२.४ मि.मी. या प्रमाणावर बेतलेल्या आहेत. वस्तू लेन्सपासून १ मीटर अंतरावर असताना ५१.६ मि.मी. च्या लेन्सला सुमारे २.८१ मि.मी., तर ५२.४ मि.मी. च्या लेन्सला सुमारे २.९० मि.मी. पुढे यावे लागते. हा ०.०९ मि.मी. चा फरक एफ/२ वरील ०.०६ मि.मी. च्या मर्यादेबाहेरचा आहे. म्हणूनच ज्युपिटर-८ सारखी लेन्स लायकावर लावली असता दूरची दृश्ये स्पष्ट येतात आणि जवळच्या व्यक्तिचित्रात फोकस सुमारे ३ सें.मी. मागे जातो. येथे लेन्सही निर्दोष असते व कॅमेराही. दोष असतो तो त्यांच्या जोडीत.

१९३४ पासून खारकीव्ह येथे तयार झालेल्या फेड कॅमेऱ्यांपैकी महायुद्धपूर्व कॅमेऱ्यांत बैठकीचे अंतर प्रमाणित नव्हते. प्रत्येक लेन्स तिच्या कॅमेऱ्याशी जुळवलेली असे. अशा जोड्या फोडू नयेत.

याशिवाय काही लेन्समध्ये छिद्र लहान केल्यावर फोकसचे स्थानच किंचित मागे सरकते. सोनार रचनेच्या लेन्समध्ये हे विशेष जाणवते. हा गोलीय विपथनाचा परिणाम आहे, बिघाड नव्हे.

निदानाचा क्रम

निदानाची पहिली पायरी स्वच्छतेची होय. बैठकीच्या दोन्ही पृष्ठभागांवरील धूळ, तंतू काढून लेन्स डुगडुगते का, हे पाहावे.

दुसऱ्या पायरीत फिल्मचा मार्ग स्वतंत्रपणे तपासावा. काचेची एक बाजू एमरी पावडरने घासून ३५ मि.मी. रुंदीची पट्टी तयार करावी आणि मागचे झाकण उघडून फिल्मच्या आतील रुळांवर, घासलेली बाजू लेन्सकडे ठेवून, टेकवावी. शटर 'बी' वर उघडे धरून व छिद्र पूर्ण मोठे ठेवून दूरची वस्तू भिंगातून पाहावी. गावाबाहेरचा मोबाइल टॉवर किंवा अरुणावती धरणाच्या पलीकडील तीरावरील उभी वस्तू यासाठी योग्य. कारण रेंजफाइंडरचा पाया आडवा असल्याने त्याला उभ्या रेषा लागतात. ज्या जुन्या कॅमेऱ्यांचे मागील झाकण उघडत नाही, त्यांची चाचणी फिल्मवरच घ्यावी लागते.

तिसऱ्या पायरीत त्याच वस्तूवर रेंजफाइंडरमधील दोन प्रतिमा अनंताच्या खुणेपाशी जुळतात का, ते पाहावे. चौथ्या पायरीत फिल्म-प्रतलापासून फीतपट्टीने १ मीटर मोजून हीच तुलना जवळच्या अंतरावर करावी. शक्य असल्यास दुसऱ्या लेन्सने ती पुन्हा करावी.

निरीक्षणांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावता येतो. काचेवर अनंत स्पष्ट, पण रेंजफाइंडर जुळत नसेल, तर दोष रेंजफाइंडरच्या अनंत-जुळवणीत आहे. रेंजफाइंडर जुळतो, पण काचेवर अनंत अस्पष्ट असेल, तर दोष लेन्स, ॲडॉप्टर वा बैठकीत आहे. अशा वेळी रेंजफाइंडरचा स्क्रू फिरवणे म्हणजे निर्दोष भाग सदोष भागाशी जुळवणे होय. अनंत ठीक आणि जवळचे अंतर एकाच लेन्सला चुकत असेल, तर त्या लेन्सचा कॅम वा प्रमाण तपासावे. सर्वच लेन्सना चुकत असेल, तर भुजेची जुळवणी बिघडलेली आहे. दोन प्रतिमा वर-खाली दिसत असतील, तर तो उभ्या जुळवणीचा स्वतंत्र दोष होय. काचेवर सर्व ठीक आणि केवळ फिल्मवर चूक असेल, तर फिल्म सपाट राहत नाही असे समजून दाबपट्टी पाहावी.

हवामान आणि जतन

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा उष्णतेत जुने ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर पसरते आणि मळसूत्र कोरडे पडून जड फिरू लागते. पावसाळ्यातील दमट हवेत काचेवर बुरशी धरते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पेटीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. रेंजफाइंडरमधील दुसरी प्रतिमा फिकट झाल्यास अर्धपारदर्शक आरसा कापसाने पुसण्याचा मोह टाळावा. जुना लेप त्याबरोबर निघून येतो व त्या हानीवर सहज उपाय नसतो.

समारोप

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या दोषांचे निदान हे वस्तुतः मापनशास्त्राचे उदाहरण आहे. एका लेन्सच्या सर्व चित्रांत फोकस एकाच दिशेने चुकणे ही पद्धतशीर त्रुटी, तर कधी पुढे कधी मागे चुकणे ही यादृच्छिक त्रुटी होय. पहिलीचे कारण जुळवणीत, दुसरीचे बहुधा सैल बैठकीत किंवा वापरणाऱ्याच्या हातात असते. पदवी वर्गाच्या विद्यार्थ्याला हा भेद पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा एका जुन्या कॅमेऱ्यावर अधिक चांगला उमगू शकेल. त्यासाठी घासलेली काच, फीतपट्टी, स्क्रूगेज आणि संयम एवढीच सामग्री लागते. विभागातील कॅमेरा निर्लेखित करण्यापूर्वी ही चाचणी एकदा घेतली जावी. मापक आणि वास्तव यांत विसंगती आढळली असता आधी दोहोंची स्वतंत्र तपासणी करावी आणि त्यानंतरच सुधारणेला हात घालावा, हा या उपकरणापासून मिळणारा धडा सर्वच प्रायोगिक विषयांना लागू पडतो.