खानावळ का बंद पडते?

आपल्या गल्लीतील एखादी जुनी खानावळ बंद झाली, की लोक चार दिवस हळहळतात आणि दोन कारणे सांगून मोकळे होतात. कोणी म्हणतो, "पूर्वीची चव राहिली नव्हती." दुसरा म्हणतो, "मुलांना धंदा पुढे चालवायचा नव्हता." ही कारणे अगदीच खोटी असतात असे नाही. परंतु माझगाव, घोडपदेव, भायखळा, लालबाग, परळ एवढ्या मोठ्या पट्ट्यात एका पिढीच्या आत एकामागून एक चुली विझल्या. या सगळ्या बायकांच्या हातची चव एकाच वेळी बिघडली असे कसे मानावे? तेव्हा चवीचा आणि वारसांचा प्रश्न घटकाभर बाजूला ठेवून, खानावळ नावाची संस्था कशावर उभी असते आणि ती कशाने कोसळते, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम खानावळ आणि हॉटेल यांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. हॉटेलात माणूस येतो, खातो, पैसे टाकतो आणि निघून जातो. खानावळीत तो नाव नोंदवतो. दोन्ही वेळचे जेवण, पाळीवर न्यावयाचा डबा, गावी गेला तर तेवढ्या दिवसांचे खाडे वजा, आणि महिन्याचा हिशेब पगार झाल्यावर चुकता, अशी तिची रीत. म्हणजे खानावळवाली आधी तीस दिवस जेवू घालते आणि मग पैसे घेते. हे एक वाक्य नीट समजले, की पुढची सारी कथा समजते.

ही रीत मुंबईत का रुजली, याचे उत्तर गिरण्यांच्या इतिहासात आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. त्यानंतरच्या काही दशकांत परळ-लालबागचा मुलूख गिरण्यांनी भरून गेला. त्यांत राबणारे हात आले ते मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंनी. बहुतेकांची बायकामुले गावी राहिली, कारण एका पगारात मुंबईतला संसार झेपत नसे आणि गावाकडची शेतीही सोडवत नसे. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने राहत. एक जण रातपाळीहून येई तेव्हा दुसऱ्याची पहिली पाळी सुरू झालेली असे. खोलीत निजायची जागा पुरेना, तिथे चूल कुठे मांडणार? मग चाळीतली कोणी विधवा, कोणी आजारी गिरणी कामगाराची बायको, कोणी नवऱ्याने टाकलेली बाई आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत शेगडी पेटवी आणि गावातल्या, भावकीतल्या माणसांना जेवू घाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास उपाहारगृह ठेवणे बंधनकारक केले. पण गिरणीच्या भोंग्यानंतरचे, घरचे म्हणावे असे जेवण मिळत होते ते या खोल्यांमधूनच.

माझगावची गोष्ट थोडी निराळी आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. येथे घोडपदेवला न्यू हिंद मिल होती. पण त्याबरोबरच गोदी होती, लाकडाच्या वखारी होत्या, दारूखान्यात जुनी जहाजे तोडण्याचा धंदा होता, आणि माझगाव डॉक हा जहाजे बांधणारा कारखाना होता. हा कारखाना १९३४ साली कंपनी म्हणून नोंदला गेला, १९६० साली सरकारने आपल्याकडे घेतला, आणि आजही तो चालू आहे. गिरणी कामगार, गोदी कामगार, हमाल, लोहार, खलाशी अशा नाना तऱ्हांच्या पोटांची सोय या वस्तीला करावी लागे. म्हणून माझगावात चाळीतल्या खोलीतली खानावळ आणि कोपऱ्यावरचा इराणी हे दोघेही शेजारी-शेजारी नांदले.

आता हिशेबाकडे वळू. आकडे कल्पनेतले घेऊ, म्हणजे गणित सोपे होईल. समजा एका बाईकडे वीस माणसे जेवतात आणि प्रत्येक जण महिन्याला शंभर रुपये देतो. जमा झाली दोन हजारांची. त्यातून तांदूळ, डाळ, मासळी, तेल, घासलेट, खोलीचे भाडे आणि हाताखालच्या पोरीची मजुरी मिळून सतराशे गेले. उरले तीनशे. ही तिची मिळकत. आता दोन महिने कोणाचाच पगार झाला नाही आणि तिने पंक्ती बंद केल्या नाहीत, तर पदरचे चौतीसशे रुपये गेले. महिना तीनशेच्या मिळकतीतून हे भरून काढायचे, तर अकरा महिन्यांहून अधिक काळ लागेल, आणि तोही तिने स्वतः त्यातला एक पैसा खर्च केला नाही तर! दोन महिन्यांचा खंड सबंध वर्ष खाऊन टाकतो.

पदरचे म्हटले खरे, पण तिच्या पदरी असते काय? ती वाण्याकडून उधार आणते. वाणी थांबेना झाला, की गळ्यातले डोरले सावकाराकडे जाते. म्हणजे ही उधारीची एक साखळी आहे. गिरणी कामगाराचा पगार महिन्याने देते. कामगार खानावळवालीला महिन्याने देतो. खानावळवाली वाण्याला महिन्याने देते. साखळीचे वरचे टोक तुटले, म्हणजे सारा भार खालच्या कडीवर येतो, आणि ती कडी सर्वांत बारीक असते. कामगाराला संघटना आहे, वाण्याला दुकान आहे, सावकाराजवळ गहाण आहे. खानावळवालीजवळ एक वही आहे, आणि पुष्कळदा तीही नाही. सारा हिशेब तोंडी असतो.

तिने पंक्ती बंद का करू नयेत, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तरही व्यवहाराचेच आहे. पानावरून उठवलेला माणूस परत येत नाही आणि मागची बाकीही देत नाही. जेवू घालत राहावे, तरच पूर्वीचे पैसे सुटण्याची आशा. शिवाय जेवणारा हा तिच्याच गावचा, कुणाचा चुलता, कुणाचा मेहुणा. त्याला उपाशी ठेवले तर गावी तोंड दाखवायला जागा उरत नाही. माणुसकी आणि हिशेब असे दोन्ही तिला एकाच दिशेने ढकलतात, आणि ती दिशा कर्जाची असते.

ही गोष्ट १९७४ सालच्या ४२ दिवसांच्या संपात स्पष्ट दिसली. त्या काळी कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमाताई पुरव यांच्या ध्यानात आले, की संप करतो तो कामगार, पण त्याच्या संपाचा खर्च ज्या बायका पंक्ती वाढून भागवतात त्यांची मोजदाद कोणीच करीत नाही. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते. गरिबाला कर्ज मिळेल असे सांगितले जात होते. तेव्हा १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली आणि चौदा बायकांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी दीड हजार रुपयांचे कर्ज मिळाले. रक्कम लहान होती. पण तिचा अर्थ मोठा होता, कारण सावकाराच्या जागी बँक आली आणि खानावळ चालवणे हा धंदा आहे, ही गोष्ट प्रथमच कागदावर मान्य झाली.

परंतु पुढे जे आले ते दीड हजाराने आवरण्यासारखे नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आरंभीचे काही आठवडे खानावळी चालल्या, वह्या भरत गेल्या. मग माणसे एकेक करून गावी गेली. कोणी सांगून गेला, "सुरू झाल्या की येतो, सारे फेडतो." अशा माणसांना लबाड म्हणता येणार नाही. गिरणीचे दार उघडले असते तर त्यांनी फेडलेही असते. पण अनेकांसाठी ते पुन्हा उघडलेच नाही.

येथे कायद्याची एक बाजू पाहण्यासारखी आहे. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन, बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर कामगारांच्या थकलेल्या देण्याला तारणधारक सावकारांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. हे योग्यच झाले. पण त्या कामगाराला महिनोन्महिने जेवू घालणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही यादीत नव्हते. गिरणीशी तिचा करार नव्हता आणि कामगाराशी लेखी करार नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तिचे काही बुडालेच नाही! ज्या गिरणीच्या भोंग्यावर तिचा सारा दिवस बांधलेला होता, त्या गिरणीच्या दप्तरी ती कधी जन्मलीच नव्हती.

संपाने खानावळी मारल्या, तो मृत्यू सर्वांना दिसला. माझगावच्या बाजूला दुसरा मृत्यू सावकाश आला. गोदीत माल पाठीवर आणि हातगाडीवर वाहिला जाई तोवर बोटीमागे माणसांच्या टोळ्या लागत, आणि टोळ्यांमागे चहाची, पावाची, भातमाशाची गिऱ्हाइकी लागे. मग माल मोठ्या पोलादी पेट्यांत बंद होऊन येऊ लागला. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले आणि अशा पेट्यांची वाहतूक तिकडे वळली. यंत्राने पेटी उचलली, की पन्नास माणसांचे काम संपते. त्या पन्नास माणसांचे जेवणही त्याच क्षणी संपते. येथे कोणी संप केला नव्हता, कोणी टाळे ठोकले नव्हते. दर वर्षी चार पाने कमी मांडली गेली, एवढेच.

तिसरे कारण जागेचे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळजवळ गोठली. इराण्याचा चहा आणि ब्रून-मस्का स्वस्त राहिला, त्यात या गोठलेल्या भाड्याचा वाटा मोठा होता. याझ्दसारख्या प्रांतातून आलेल्या या लोकांनी कोपऱ्याच्या जागा घेतल्या, संगमरवरी टेबले मांडली, आणि एका कपावर तासभर बसू देण्याची उदार चाल पाडली. ती उदारता भाड्याला परवडत होती. १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनीच्या विक्रीला वाट दिली आणि भोवतालच्या जागांच्या किमती चढल्या. तेव्हा मालकाच्या ध्यानात आले, की तीस वर्षे चहा विकून जे मिळणार नाही ते जागा सोडल्याने एका दिवसात मिळते. धोबी तलावाजवळची बस्तानी या शतकाच्या आरंभी बंद झाली; शेजारची १९०४ सालची कयानी टिकली. एकाच पदार्थांची, एकाच वस्तीतली दोन दुकाने. तेव्हा भेद चवीत शोधून सापडणार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा हीच गोष्ट देशभर सर्वांना कळली. महाराष्ट्रात उपाहारगृहांना निम्म्या आसनांवर दारे उघडता आली ती ऑक्टोबरच्या आरंभी. सहा महिने जमा शून्य आणि भाडे, वीज, कर्जाचे हप्ते मात्र चालू. ज्यांच्यापाशी साठवण होती ते तरले. ज्यांचे भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाचा पुढचा पगार, ते गेले.

मग उपाय काय? स्वस्त अन्न देण्याचे प्रयत्न सरकारने केले आहेत. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. त्यांनी भुकेल्याची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. पण भुकेल्याची सोय आणि रांधणारीची सोय हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे इतरत्र सापडतात. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली २८ माणसांनी सहकारी दुकान काढले, तेव्हा त्यांनी नियम केला की व्यवहार रोखीनेच होईल. आधीची अशी दुकाने उधारीने बुडालेली त्यांना ठाऊक होती. आपल्याकडे कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करावयाचे ठरवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथल्या नोकरांनीच १९५७ पासून सहकारी संस्था काढल्या आणि पुष्कळ ठिकाणी ती पुन्हा चालू केली.

खानावळीला निव्वळ रोखीचा नियम लावता येणार नाही. महिन्याने पगार मिळणाऱ्याला महिन्याने पैसे देण्याची सवलत, हाच तिचा प्राण आहे. म्हणून त्या महिन्याचे भांडवल तिच्या डोरल्यातून न येता पतसंस्थेतून किंवा बँकेतून आले पाहिजे. तिची वही लेखी असली पाहिजे. आणि जेथे कारखाना बंद पडल्याने भरपाई वाटली जाते, तेथे त्या कारखान्यावर पोसलेल्या चुलींचीही गणना झाली पाहिजे. अन्नपूर्णा मंडळाने १९७५ साली यांतली पहिली पायरी चढून दाखवली. वरच्या दोन अजून रिकाम्या आहेत.

राहिला आपला वाटा. शहरातल्या कित्येकांच्या विद्यार्थिदशेतील किंवा पहिल्या नोकरीतील महिने अशाच एखाद्या बाईच्या उधारीवर निघालेले असतील. तिची खानावळ बंद झाल्याचे ऐकून हळहळणे सोपे आहे, आणि तिच्या आमटीची आठवण काढणे त्याहून सोपे आहे. पण जी अजून चालू आहे, तिचे मागच्या महिन्याचे पैसे आपण दिले आहेत काय, एवढे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे. खानावळ टिकते ती वेळेवर पोचलेल्या पैशांवर.