हात चंचीकडे जातो तेव्हा

जेवण झाले की हात आपोआप चंचीकडे जातो. तंबाखू निघते, चुना लागतो, मळणे सुरू होते. बायामाणसांचेही तसेच. सकाळी मिश्री लावल्याशिवाय कित्येकींना काम सुचत नाही. "सोडायची आहे हो, पण सुटत नाही!" असे आपण म्हणतो. का बरे सुटत नाही?

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. ते रक्तातून मेंदूत जाते. घटकाभर तरतरी वाटते. ती ओसरली की मेंदू पुन्हा मागतो. ही झाली शरीराची मागणी. दुसरी मागणी मनाची. तिचा विचार पतंजली मुनींच्या योगसूत्रांत आहे. आपण जे जे करतो, त्याचा ठसा मनावर उमटतो. त्याला संस्कार म्हणतात. शेतातून रोज एकाच जागेने गेलो की पायवाट पडते ना? तसेच हे. मग पाय आपोआप तिकडेच वळतात.

ही वाट मोडायची कशी? योगशास्त्र दोन उपाय सांगते. एक अभ्यास, दुसरा वैराग्य. अभ्यास म्हणजे पुस्तक घोकणे नव्हे. चांगली गोष्ट खंड न पाडता, पुष्कळ दिवस, मनापासून करणे म्हणजे अभ्यास. वैराग्य म्हणजे घरदार सोडणे नव्हे. वस्तू समोर असली तरी मनाला तिची ओढ न लागणे, हे वैराग्य. नवी वाट रोज तुडवली आणि जुनीवर पाय ठेवला नाही, की जुनीवर गवत उगवते.

आणखी एक युक्ती त्यात आहे. वाईट विचार आला की त्याच्या उलट विचार मनात आणावा. तलफ आली की तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग आठवावा. पोराबाळांची तोंडे आठवावीत. चूळ भरावी, बडीशेप चघळावी, सावकाश दहा श्वास घ्यावेत. तलफ थोड्या मिनिटांत ओसरते.

पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. घाबरू नये. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बहुधा कमी होतो. मध्येच एकदा खाल्ली गेली, तर "गेले सारे" म्हणून बसू नये. पुन्हा सुरुवात करावी. एकट्याने जमत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. त्यात लाज कसली? दारूचे जुने व्यसन असेल, तर ती एकाएकी सोडू नये. तिथे डॉक्टरांचा सल्ला आधी हवा.

उद्या जेवणानंतर आपण एवढेच करून पाहू. चंची दुसऱ्याच्या हाती देऊ आणि दहा श्वास मोजू. परवा पुन्हा तेच. अभ्यास म्हणतात तो हाच.