पिंगुळीचा पडदा मागून बघताना

पिंगुळीचे कळसूत्री कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ही बातमी सगळ्यांनी वाचली आहे. पण ठाण्या-डोंबिवलीहून कुडाळला उतरणारे बहुतेक चाकरमानी जवळच्या पिंगुळीला वळसा घालून थेट आपापल्या गावी जातात. तिथे पडद्यामागे काय चालतं, ते म्हणूनच सांगण्यासारखं.

ठाकर समाजातल्या गंगावणे कुटुंबाकडे कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी असा वडिलोपार्जित ऐवज होता. तो लोकांना दाखवायला मात्र जागा नव्हती. २००६ साली त्यांनी घरचा गोठा मोकळा केला आणि तिथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं राहिलं. गुरं बांधायच्या जागी राम, सीता आणि रावण नांदू लागले!

लाकडी बाहुली हातात घेऊन बघा. लाकूड हलकंच हवं, कारण तिचा सगळा भार दोऱ्यावर. डोळे वटारलेले, नाक धारदार. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही भाव कळला पाहिजे. आणि घोळदार कपडा जरा उचललात तर पायच नाहीत! कोरणाऱ्याने ते दिलेलेच नसतात. तरीही खेळात ती चालते, तरातरा निघून जाते, युद्धात उसळते, आणि पाय नाहीत हे समोरच्या कुणाच्या ध्यानातही येत नाही. खेळात दोरा गुंतलाच, तर तो सुटेपर्यंत गाणं लांबवायचं, हे कसब कोरीवकामाइतकंच मोलाचं.

चित्रकथीची कथा जास्त चटका लावणारी. सुट्या चित्रांवर बोट ठेवत रामायण-महाभारतातले प्रसंग गायचे, एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणायचं. जुन्या पोथ्या संग्राहकांच्या हाती लागल्या, त्यांवर अभ्यास झाले, आणि अभ्यासकांत या चित्रांना नाव पडलं ‘पैठण चित्रं’. कोकणातल्या ठाकरांची कला अशी गोदाकाठच्या गावाच्या नावावर जमा झाली.

श्रेयाचंही तसंच. पद्मश्री एका नावावर येते. पण त्याच्या कितीतरी आधी पिंगुळीच्याच गणपत मसगे यांनी ही कला गावाबाहेर नेली होती. गंगावण्यांचं कौतुक करताना मसग्यांचं नाव गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

सर्वांत मोठं नाट्य मात्र कागदोपत्री घडलं. ठाणे, कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतले ठाकर अनुसूचित जमातींच्या यादीत होते, कुडाळचे नव्हते. १९७६च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठलं. तरी सिंधुदुर्गातल्या कितीतरी ठाकर कुटुंबांना जात पडताळणीसाठी ठाण्यातल्या समितीपुढे उभं राहावं लागलं, आणि तिथून हायकोर्टात. प्रश्न चालीरीतींचे: देव कोणते, लग्न कसं लावता, नाच कोणता. ज्यांची कला सरकार दिल्लीत गौरवतं, त्यांच्याच जातभाईंना आपण आदिवासी असल्याचं सिद्ध करावं लागत होतं.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर (ठाकर) जमातीच्याच प्रकरणात सांगितलं की चालीरीती जुळवून बघणारी ही आप्तभाव चाचणी प्रत्येक दाव्याची निर्णायक कसोटी मानता येणार नाही. पिंगुळीच्या पोरांना हे ऐकायला इतकी वर्षं लागायला नको होती.