पावसाआधी गॅलरी आणि बाहेरची भिंत

मुंबईत पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणून पश्चिमेला आणि दक्षिणेला तोंड असलेल्या भिंती आधी भिजतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसा रोज पडत नाही, पण ओल धरायला आठवड्याची साधी झडही पुरते.

आणि आपण काय करतो? आतून पोपडे खरवडून रंग मारतो. आमच्या मते हे पैसे पाण्यातच गेले. पाणी बाहेरच्या भेगेतून येते, तेव्हा भेग बाहेरूनच आणि भिंत कोरडी असताना, म्हणजे मे महिन्यात बुजवावी. भेगेत पिंपळ उगवला असेल तर मुळासकट काढावा. नुसता छाटला तर पुन्हा फुटतो.

गॅलरीत बादलीभर पाणी ओतून पाहा. ते नळीकडे न जाता भिंतीशी साचले तर उतार चुकला आहे. गवंड्याकडून नीट करून घ्या. नळीत कुंडीची माती अडकते, तीही काढा. ताडपत्रीची खालची कड कठड्याबाहेर सोडा.

गॅलरीच्या खालून गंजलेली सळई दिसत असेल तर मात्र वर सिमेंट थापून भागत नाही. लोखंड गंजले की फुगते आणि काँक्रीट फोडते. तिथले पाण्याचे पिंप, कुंड्या आधी हलवा, मुलांना तिथे आणि तिच्याखाली खेळू देऊ नका. सर्व बिऱ्हाडांच्या सह्यांचा अर्ज सोसायटीकडे द्या. शहरातली जुनी उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.