मशीनवर लिहिलंय ३ एचपी… मग अँपिअर किती आणि युनिट किती?



मिरची-मसाला कांडपाचा व्यवसाय सुरू करायचा म्हणून तुम्ही मशीन बघायला जाता. विक्रेता म्हणतो, "३ एचपीची मोटर आहे, घरच्या लाईनवर चालेल." चालेल की नाही, हे त्याच्या शब्दावर सोडू नका. एक साधा कॅल्क्युलेटर घ्या. या एकाच आकड्यातून तुम्हाला तीन प्रश्नांची उत्तरं काढायची आहेत.

प्रश्न १ : माझं कनेक्शन पुरेल का? (एचपीचे किलोवॅट)

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणून ३ एचपी = २,२३८ वॅट. पण थांबा! मोटरच्या प्लेटवरचा एचपी म्हणजे मोटर जी ताकद बाहेर देते ती. मोटर वीज त्यापेक्षा जास्त ओढते, कारण काही वीज उष्णतेत जाते. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर २,२३८ ÷ ०.८ = साधारण २,८०० वॅट. हजाराने भागलं की २.८ किलोवॅट.

आता तुमचं वीजबिल काढा आणि त्यावर 'मंजूर भार' बघा. तिथे २ किलोवॅट असेल, तर पंखे-दिवे सोडा, एकटी मोटरच त्याच्या पुढे जाते. म्हणजे आधी भार वाढवून घ्यावा लागेल.

प्रश्न २ : वायर आणि स्विच कोणता? (किलोवॅटचे अँपिअर)

वायर किती तापणार, हे अँपिअरवर ठरतं. सिंगल फेजचं सूत्र असं :

अँपिअर = वॅट ÷ (व्होल्ट × पॉवर फॅक्टर)

पॉवर फॅक्टर ०.८ धरू. २,८०० ÷ (२३० × ०.८) = साधारण १५ अँपिअर. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं असतं. म्हणजे मोटर अगदी काठावर चालणार, आणि तीही तासन् तास. शिवाय सुरू होताना मोटर काही क्षण पाच ते सात पट करंट ओढू शकते. म्हणून मशीनला बोर्डापासून वेगळी लाईन, योग्य एमसीबी आणि स्टार्टर हवा. वायरची जाडी परवानाधारक वायरमनकडूनच ठरवून घ्या.

तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं का? तेवढंच काम करायला मोटर आता १९ अँपिअरच्या वर ओढेल. मोटर जळतात त्या बऱ्याचदा अशाच.

हीच मोटर थ्री फेजची घेतली तर? २,८०० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८) = प्रत्येक वायरमध्ये साधारण ५ अँपिअर. वीज तेवढीच लागते, बिल यामुळे कमी होत नाही. पण करंट तीन वायरींत वाटला जातो. पुढे मोठं मशीन घ्यायचा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

प्रश्न ३ : किलोमागे खर्च किती? (किलोवॅटचे युनिट)

१ किलोवॅट भार १ तास चालला की १ युनिट. आपलं मशीन रोज ४ तास पूर्ण भारावर चाललं तर २.८ × ४ = ११.२ युनिट. समजा, तुम्हाला युनिट सगळे आकार धरून १० रुपयांना पडतं. रोजचे ११२ रुपये झाले. दिवसात ४० किलो मसाला निघाला, तर किलोमागे विजेचा खर्च २ रुपये ८० पैसे. तुमचा खरा दर स्वतःच्या बिलातून काढा : एकूण रक्कम भागिले वापरलेले युनिट.

हा आकडा माहीत नसताना शेजारच्या गिरणीचा दर बघून आपला दर लावणं म्हणजे डोळे मिटून धंदा करणं!

आणखी एक. घरगुती कनेक्शनवर धंदा चालवण्याआधी वीज कंपनीच्या कार्यालयात कोणता दर लागू होईल ते विचारा. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कामासाठी वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

लक्षात ठेवा : एचपीवरून किलोवॅट काढा, कनेक्शन कळेल. किलोवॅटवरून अँपिअर काढा, वायर कळेल. किलोवॅटला तासांनी गुणा, खर्च कळेल.

मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी मोटरच्या प्लेटचा फोटो काढा. त्यावर व्होल्ट, अँपिअर, एचपी सगळं छापलेलं असतं. अँपिअर छापलेला असेल तर आपल्या अंदाजापेक्षा तोच आकडा खरा धरा. घरी या, बिल शेजारी ठेवा, ही तीन गणितं करा आणि मगच पैसे द्या.