गाडी लागते, की धूर लागतो?

पंधरा वर्षे झालेली मोटार नांदेड किंवा लातूरच्या आरटीओत पासिंगला न्यायची म्हटली, की आधी गॅरेजची फेरी होते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गॅरेजमध्ये पायाखालची मॅट निघते आणि बुडाचा पत्रा दिसतो. कुठे चिरलेला, कुठे पापुद्रे सुटलेला, कुठे बोट जाईल एवढे भोक. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे गाडी गंजते कशी, असे मालकाला वाटते. पण गंजाला मोठा पाऊस लागत नाही, मुरलेली ओल पुरते. पुढच्या काचेच्या जुन्या रबरातून झिरपलेले, गाडी धुताना आत गेलेले पाणी मॅटखालच्या फोममध्ये आठवडेच्या आठवडे राहते.

यावरचा स्वस्त उपाय सर्वांना ठाऊक आहे. भोकात एम-सील भरायचे, वर पत्र्याचा तुकडा ठोकायचा, खालून काळा रंग मारायचा. पासिंगपुरते भागेल, असा हिशेब असतो. मात्र त्या भोकाचा संबंध कागदापेक्षा श्वासाशी अधिक आहे.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सरचा पाइप गाडीच्या बुडाखालूनच मागे जातो. जुन्या गाडीत तोही कुठेतरी फुटलेला असतो. मग धूर मागे जाण्याऐवजी फटीतून आत येतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

एखादे कुटुंब नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला लग्नाला निघाले आहे. काचा बंद, एसी चालू. तासाभरात मागच्या सीटवरच्या आजींचे डोके जड होते, मुलाला मळमळते. ‘गाडी लागली’ म्हणून लिंबू हुंगवले जाते. गाडी खरोखरच लागत असेल तर ती बहुधा एकदोघांना लागते आणि चालवणाऱ्याला जवळपास कधीच लागत नाही. चालकासह दोघा-तिघांचे डोके एकाच प्रवासात दुखू लागले, आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर संशय धुरावर घ्यावा. अशा वेळी इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर यावे. गुंगी, गोंधळलेपणा, छातीत दुखणे असेल किंवा सोबत गर्भवती असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने ऑक्सिजन दिल्यास साधारण दीड तास. करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसते. ते ९८ दाखवते आणि माणूस गुदमरत असतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी सायलेन्सर आणि त्याचे जोड, मग पत्रा. पत्रा धड लागेपर्यंत कुजलेला भाग कापून काढावा, तेवढ्याच जाडीचा तुकडा सलग वेल्डिंगने बसवावा, जोडावर सीलर आणि खालून अंडरकोटिंग करावे. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तिथे पत्रा चिरलेला असेल, तर ठिगळ मुळीच चालवून घेऊ नये. धडक बसली की माणसाला धरून ठेवणारी जागा तीच. वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडवणे, फोम व मॅट बाहेर काढणे आणि पेट्रोलच्या नळ्या सुरक्षित करणे हे घाईत राहून जाते. आग तिथूनच लागते.

कारागिराचा धोका वेगळा. पत्रा धरून बसलेल्या पोऱ्याकडे बहुतेक वेळा काच नसते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, मग बटाट्याच्या चकत्या ठेवल्या जातात. बधिर करणारे थेंब परस्पर घालत राहिल्यास बुबुळाला इजा होते; डोळे डॉक्टरांनाच दाखवावेत. जीआय पत्रा जोडताना जस्ताचा धूर छातीत गेला, की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. तो सहसा एक-दोन दिवसांत उतरतो, पण मलेरिया समजून गोळ्या सुरू झालेल्या असतात. डॉक्टरांना वेल्डिंगचे काम आवर्जून सांगावे. गंजक्या पत्र्याने कापल्यास धनुर्वाताची लसही पाहावी. जंतू गंजात नसतात, पत्र्याला चिकटलेल्या मातीत असतात. शेवटचा डोस घेऊन ५ वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावा.

काम नीट झाले की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. रात्री मॅट काढून एकाने गाडीत बसावे, दुसऱ्याने खालून विजेरी फिरवावी. ज्या जोडातून उजेड दिसेल, तिथून धूरही येईल. गाडी त्याच रात्री परत न्यावी.